पाहुणे पंधरवड्याचे, प्रश्न बारमाही

स्कॉटलंडमधील चर्चच्या मंडळ्या आणि मलावीतील मिशन शाळा व रुग्णालये यांचे नाते दीडशे वर्षांचे आहे. आजही उन्हाळी सुट्टीत तिकडचे लहान-मोठे गट मलावीला जातात, शाळा पाहतात, रुग्णालये पाहतात आणि काहीतरी देऊन परततात. या भेटींमधून नेमके काय साधते, काय बिघडते आणि या संस्थांची खरी गरज कोणती, याचा हा आढावा.

जुलै महिना मलावीत हिवाळ्याचा. पाऊस कधीच सरलेला असतो, मक्याची कणसे घरात आलेली असतात आणि डोंगराकडे जाणारे मातीचे रस्ते गाडी चालवण्याजोगे झालेले असतात. नेमक्या याच सुमारास स्कॉटलंडमधील शाळांना मोठी सुट्टी लागते. त्यामुळे चर्चच्या गटांच्या भेटी बहुधा याच दिवसांत ठरतात. दहा-बारा जणांच्या अशा गटात एखादे पाळक असतात, एखादी निवृत्त परिचारिका असते, शिक्षक असतात आणि महाविद्यालयात शिकणारी दोन-चार मुलेही असतात. वर्षभर केकविक्री, गाण्याचे कार्यक्रम, पायी फेऱ्या अशा मार्गांनी निधी उभा केलेला असतो. लिलाँग्वे किंवा ब्लँटायर येथे विमान उतरते आणि पुढचा प्रवास मोटारीने होतो.

स्वागत मोठ्या थाटाचे होते. रविवारची उपासना दोन-तीन तास चालते, एकामागून एक गायनवृंद उभे राहतात. पाहुण्यांची ओळख करून दिली जाते, त्यांना चार शब्द बोलण्याचा आग्रह होतो. सोमवारी शाळा आणि मंगळवारी रुग्णालय असा कार्यक्रम ठरलेला असतो. एका वर्गात शंभरच्या घरात मुले, एका खाटेवर दोन बालके, व्हरांड्यात चटई अंथरून बसलेले नातेवाईक हे दृश्य पाहून पाहुण्यांचे मन हेलावते. काहीतरी केलेच पाहिजे, अशी भावना दाटून येते आणि नेमके येथेच घोडे पेंड खाते. काय करावे, हे ठरवण्याआधी समोरची संस्था कोणाची आहे, ती कशी चालते आणि तिचे खरे दुखणे कोठे आहे, हे समजून घ्यावे लागते. पंधरवड्याच्या भेटीत ते समजले तर भेट सार्थकी लागते. न समजल्यास सद्भावनेचेही ओझे होते.

नात्याचे मूळ

मलावी हा आग्नेय आफ्रिकेतील, समुद्रकिनारा नसलेला चिंचोळा देश. क्षेत्रफळ सुमारे १ लाख १८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहून थोडे अधिक. त्यातही जवळपास पाचवा हिस्सा मलावी सरोवराने व्यापलेला. २०१८ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी ७५ लाख होती. बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात आणि पावसावर अवलंबून असलेली शेती करतात.

स्कॉटलंडशी या देशाचा संबंध जोडला गेला तो डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी प्रवाशामुळे. १८५९ मध्ये तो या सरोवरापर्यंत पोहोचला. त्या काळी हा सारा परिसर गुलामांच्या व्यापाराने पोखरलेला होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला आणि त्याच्या स्मरणार्थ स्कॉटलंडमधील चर्चने दोन मोहिमा पाठवल्या. १८७५ मध्ये सरोवराच्या दक्षिण टोकाला केप मॅक्लियर येथे ‘लिव्हिंग्स्टोनिया’ मिशन सुरू झाले, तर १८७६ मध्ये शिरे नदीलगतच्या डोंगराळ प्रदेशात ‘ब्लँटायर’ मिशन. लिव्हिंग्स्टनच्या जन्मगावाचे हे नाव आज मलावीतील एका प्रमुख शहराचे नाव आहे.

केप मॅक्लियरची हवा मिशनऱ्यांना मानवली नाही. तापाने एकामागून एक माणसे दगावली. १८८१ मध्ये मिशन सरोवराकाठी उत्तरेला बंदावे येथे हलवण्यात आले आणि १८९४ मध्ये त्याहून उत्तरेला, सरोवरापासून बऱ्याच उंचीवर असलेल्या खोंडोवे पठारावर ते स्थिरावले. डॉ. रॉबर्ट लॉज हे या मिशनचे प्रमुख. त्यांनी तेथे शाळा, दवाखाना, छापखाना, सुतारकामाचे व बांधकामाचे शिक्षण असा सारा व्याप उभा केला. ‘ओव्हरटाउन इन्स्टिट्यूशन’ या नावाने ती संस्था ओळखली जाऊ लागली. आजही सरोवराकाठून लिव्हिंग्स्टोनियाला चढणारा नागमोडी घाट पार करून गेलेल्या पाहुण्याला दगडी इमारती, चर्च आणि डेव्हिड गॉर्डन स्मारक रुग्णालय पाहायला मिळते.

मुंबई आणि नाशिकचा धागा

या इतिहासाचा एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. १८६१ मध्ये शिरेच्या डोंगराळ भागात गुलामांच्या तांड्यातून सोडवलेल्या मुलांमध्ये चुमा नावाचा एक मुलगा होता. १८६४ मध्ये लिव्हिंग्स्टन आपली ‘लेडी न्यासा’ ही छोटी बोट हिंदी महासागर ओलांडून मुंबईला घेऊन आला, तेव्हा चुमा त्याच्यासोबत होता. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत त्याला शिकण्यासाठी ठेवण्यात आले. आज गिरगाव चौपाटीसमोर उभे असलेले विल्सन महाविद्यालय याच डॉ. विल्सन यांच्या शैक्षणिक कार्यातून उभे राहिले.

नाशिकजवळच्या शरणपूर येथेही मिशनने मुक्त झालेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रयस्थान व शाळा चालवली होती. १८६६ मध्ये अखेरच्या मोहिमेवर निघताना लिव्हिंग्स्टनने तेथील नऊ तरुणांना बरोबर नेले. पुढे त्याचा मृतदेह आफ्रिकेच्या अंतर्भागातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत चुमा आणि सुसी हे अग्रभागी होते. शरणपूरच्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट हाही त्यांच्यात होता. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये झालेल्या अंत्यविधीला तो उपस्थित होता. आफ्रिकेतील मिशनचा इतिहास गोऱ्या मिशनऱ्यांच्या नावांनी सांगितला जात असला, तरी तो घडवण्यात अशा आफ्रिकी माणसांचा वाटा किती होता, हे या एका उदाहरणावरून ध्यानात येते.

शाळेतून निघालेल्या दोन वाटा

मिशन शाळांबद्दल मलावीत कृतज्ञता आहे आणि टीकाही. शाळांनी अक्षरओळख दिली, भाषांना लिपी व छापील पुस्तके दिली. मात्र जुन्या चालीरीतींना हीन ठरवले आणि वसाहतीच्या राज्यव्यवस्थेला कारकूनही पुरवले. याच शाळांमधून त्या राज्यव्यवस्थेला प्रश्न विचारणारी पिढीही बाहेर पडली.

जॉन चिलेंब्वे हे त्याचे ठळक उदाहरण. ब्लँटायर मिशनच्या शाळेत आणि पुढे अमेरिकेत शिकून परतलेल्या या धर्मोपदेशकाने १९०० नंतर स्वतःचे मिशन व शाळा उभ्या केल्या. गोऱ्या मळेवाल्यांच्या जमिनीवर राबणाऱ्या कुटुंबांची पिळवणूक आणि मळ्यावर बांधलेली प्रार्थनाघरे जाळण्याचे प्रकार यांमुळे संताप साचत गेला. पहिल्या महायुद्धात आफ्रिकी माणसांना झोकले गेल्याने त्यात भर पडली आणि जानेवारी १९१५ मध्ये चिलेंब्वे यांनी उठाव केला. तो मोडून काढण्यात आला आणि चिलेंब्वे मारले गेले. आज मलावीच्या चलनी नोटांवर त्यांचे चित्र आहे आणि १५ जानेवारीला राष्ट्रीय सुट्टी असते.

दुसरे उदाहरण हेस्टिंग्ज बांडा यांचे. मिशन शाळेत प्राथमिक शिक्षण घेऊन ते दक्षिण आफ्रिका व अमेरिकेत गेले. १९३७ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाले आणि नंतर एडिंबरोत पुढील शिक्षण घेतले. १९६४ मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा ते पंतप्रधान होते. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आणि १९७१ मध्ये तहहयात राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांची हुकूमशाही १९९४ पर्यंत टिकली. ती खिळखिळी करण्यास मार्च १९९२ मध्ये कॅथलिक बिशपांनी काढलेले खुले पत्र कारणीभूत ठरले. म्हणजे चर्चच्या संस्था सत्तेच्या बाजूनेही उभ्या राहिल्या आणि विरोधातही.

मालक कोण?

आज या संस्थांवर ‘मिशन’ अशी पाटी असली, तरी त्या परदेशी मिशनच्या मालकीच्या नाहीत. १९२४ मध्ये लिव्हिंग्स्टोनिया व ब्लँटायर येथील मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ सेंट्रल आफ्रिका प्रेस्बिटेरियन’ ही स्थानिक चर्चसंस्था स्थापन झाली. पुढे दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चच्या मिशनमधून वाढलेला न्खोमाचा विभागही तिच्यात सामील झाला. स्वातंत्र्याच्या आगेमागे शाळा व रुग्णालये टप्प्याटप्प्याने स्थानिक चर्चच्या ताब्यात आली. लिव्हिंग्स्टोनिया, एक्वेन्डेनी, एम्बांग्वेनी, न्खोमा आणि मुलांजे येथील रुग्णालये या चर्चची आहेत. कॅथलिक, अँग्लिकन, ॲडव्हेंटिस्ट अशा इतर पंथांची रुग्णालयेही देशभर विखुरलेली आहेत.

या सर्वांची शिखर संघटना म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘ख्रिश्चन हेल्थ असोसिएशन ऑफ मलावी’, संक्षेपाने ‘चॅम’. देशातील आरोग्यसेवेचा साधारण तीस टक्के किंवा त्याहून अधिक वाटा या संघटनेच्या सदस्य संस्था उचलतात, असे मानले जाते. त्यांपैकी बहुतांश ग्रामीण भागात आहेत. अनेक खेड्यांसाठी जवळचे सरकारी रुग्णालय दूर असते आणि मिशनचा दवाखाना हाच एकमेव आधार असतो. परिचारिका व सुईणींच्या प्रशिक्षणातही या संस्थांच्या महाविद्यालयांचा मोठा हिस्सा आहे. महाराष्ट्रातील वाचकाला मिरजेच्या वानलेस रुग्णालयाची आठवण यावी, असाच हा प्रकार. फरक इतकाच की मलावीत अशा संस्था सरकारी आरोग्ययंत्रणेचा जवळजवळ अविभाज्य भाग झाल्या आहेत.

प्रसूतीचे बिल कोण भरते?

मिशन रुग्णालयाचे अर्थकारण तीन पायांवर उभे असते. पहिला पाय सरकारचा. मान्यताप्राप्त पदांवरील डॉक्टर, परिचारिका व अन्य आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार सरकारी तिजोरीतून दिले जातात. दुसरा पाय देणग्यांचा. त्यात परदेशी चर्च आणि मदतसंस्था येतात. तिसरा पाय रुग्णांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काचा. पगार सरकार देत असले, तरी औषधे, वीज, पाणी, डिझेल, रुग्णवाहिका, इमारतींची डागडुजी हा खर्च रुग्णालयालाच भागवावा लागतो. त्यामुळे सरकारी रुग्णालयांत सेवा मोफत असताना मिशन रुग्णालयात मात्र शुल्क मोजावे लागते.

यातून एक विचित्र स्थिती उद्भवते. ज्या खेड्याजवळ सरकारी रुग्णालय आहे, तेथील गरिबाला उपचार फुकट मिळतात. ज्याच्या वाट्याला केवळ मिशन रुग्णालय आले, त्या तितक्याच गरीब माणसाला पैसे द्यावे लागतात. शुल्क शहरी नजरेला किरकोळ वाटेल. परंतु डिसेंबर ते मार्च या काळात, जुना मका संपलेला आणि नवा अजून शेतात असताना, कुटुंबाकडे रोख रक्कम जवळजवळ नसतेच. मग ‘आज नको, उद्या पाहू’ असे म्हणत उपचार लांबणीवर टाकले जातात. हिवताप झालेले लहान मूल किंवा अडलेली बाळंतीण यांच्यासाठी तो ‘उद्या’ फार उशिराचा ठरू शकतो.

यावर उपाय म्हणून २००० च्या दशकाच्या मध्यापासून सरकार आणि मिशन रुग्णालये यांच्यात सेवा करार होऊ लागले. त्यानुसार गर्भवती, प्रसूत स्त्रिया व नवजात बालके यांसारख्या ठरावीक रुग्णांना रुग्णालयाने मोफत सेवा द्यायची आणि त्याचे बिल जिल्हा आरोग्य कार्यालयाला पाठवायचे. या करारांनंतर मिशन रुग्णालयांत प्रसूतीसाठी येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढल्याचे अभ्यासांतून दिसून आले. शुल्काची भिंत हटली की रुग्ण येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

अडचण आहे ती बिले वेळेवर चुकती होण्याची. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? सरकारी तिजोरीत खडखडाट असला की थकबाकी वाढते आणि रुग्णालयाला औषध पुरवठादाराचे पैसे देता येत नाहीत. थकबाकी फार वाढली की करारातील मोफत सेवा आखडती घेण्याची किंवा थांबवण्याची वेळ येते. प्रसूती कक्षातून फेरफटका मारणाऱ्या पाहुण्याला भिंतीचा उडालेला रंग दिसतो. जिल्हा कार्यालयाकडे अडकलेले बिल त्याला दिसत नाही. वास्तविक भिंतीला रंग लावण्यापेक्षा त्या बिलाची चौकशी करणे अधिक मोलाचे असते.

डॉक्टर नाही, तरी शस्त्रक्रिया

रुग्णालयात पाहुण्यांना आश्चर्य वाटणारी आणखी एक गोष्ट म्हणजे डॉक्टरांची संख्या. मलावीत वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेच १९९१ मध्ये. त्याआधी डॉक्टर होण्यासाठी परदेशी जावे लागे आणि गेलेल्यांपैकी अनेक जण परतत नसत. ही उणीव भरून काढली ती ‘क्लिनिकल ऑफिसर’ या वर्गाने. तीन वर्षांची पदविका आणि त्यानंतर प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतलेले हे कर्मचारी हाडे बसवतात, हर्नियाची शस्त्रक्रिया करतात आणि सिझेरियनही करतात. जिल्हा पातळीवरील बहुतांश सिझेरियन शस्त्रक्रिया त्यांच्याच हातून होत आल्या आहेत.

२००० च्या दशकाच्या आरंभी एड्सचा कहर होता. रुग्ण वाढत होते आणि कर्मचारीही त्याच आजाराने किंवा परदेशगमनामुळे कमी होत होते. २००४ मध्ये सरकारने परदेशी मदतीच्या बळावर आपत्कालीन मनुष्यबळ कार्यक्रम हाती घेतला. त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्के वाढ देण्यात आली आणि मिशन रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांनाही तिचा लाभ मिळाला. त्याच वर्षी एचआयव्हीवरील औषधे मोफत देण्याची व्यापक योजना सुरू झाली. २०११ मध्ये एचआयव्हीबाधित प्रत्येक गर्भवतीला आयुष्यभर औषधोपचार देण्याचे धोरण मलावीने स्वीकारले. पुढे हाच मार्ग इतर अनेक देशांनी अनुसरला.

परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय आरोग्य पाहणीनुसार २००० मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे १,१२० मातांचा मृत्यू होत होता. २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४३९ वर आले. १५ ते ४९ वयोगटातील एचआयव्हीचे प्रमाण २००४ मध्ये सुमारे १२ टक्के होते, ते २०१५-१६ मध्ये सुमारे ९ टक्के झाले. हे यश पंधरवड्याच्या पाहुण्यांचे नव्हे. पगार, औषधपुरवठा आणि प्रशिक्षण या तीन गोष्टी वर्षानुवर्षे सलग चालू राहिल्याने ते साध्य झाले.

कोठारातील यंत्रे

जवळपास प्रत्येक जुन्या मिशन रुग्णालयात एक खोली अशी असते, की जिचे कुलूप सहसा उघडले जात नाही. तेथे देणगीदाखल आलेली आणि बंद पडलेली यंत्रे रचून ठेवलेली असतात. हा केवळ मलावीचा प्रश्न नाही. गरीब देशांतील रुग्णालयांची पाहणी करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार तेथील सुमारे ४० टक्के वैद्यकीय उपकरणे वापरात नव्हती.

कारणे साधी असतात. अमेरिकेतून आलेले यंत्र ११० व्होल्टचे, तर मलावीतील वीज २३० व्होल्टची. ऑक्सिजन तयार करणाऱ्या यंत्राची गाळणी वर्षात बदलावी लागते आणि ती देशात मिळत नाही. तपासणीच्या यंत्राला लागणारे रसायन एकाच कंपनीचे आणि दर महिन्याला आयात करावे लागणारे. माहितीपुस्तिका भलत्याच भाषेत. दुरुस्त करणारा तंत्रज्ञ शेकडो किलोमीटरवर. अशा वेळी फुकट आलेले यंत्र पांढरा हत्ती ठरते आणि ते टाकून देण्याचेही धाडस होत नाही. कारण पुढच्या वर्षी देणगीदार येऊन ‘आमचे यंत्र कोठे आहे?’ असे विचारण्याची शक्यता असते.

औषधांबाबतही हेच घडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना या संदर्भात स्पष्ट आहेत. ज्या औषधांची मागणी केलेली आहे तीच पाठवावीत, ती त्या देशाच्या मान्य औषधयादीत असावीत आणि पोहोचल्यानंतर त्यांची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. कोणा रुग्णाने परत केलेली उरलेली औषधे पाठवू नयेत. प्रवासी बॅगेत गोळा करून आणलेल्या गोळ्यांची पाकिटे यांपैकी एकाही कसोटीला सहसा उतरत नाहीत.

झाडाखालचा वर्ग

शाळांची कहाणी वेगळी असली, तरी तिचा गाभा तोच आहे. १९९४ मध्ये बहुपक्षीय निवडणुकीनंतर आलेल्या सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केले. एका वर्षात पटसंख्या सुमारे १९ लाखांवरून जवळपास ३० लाखांवर गेली. मुले आली, वर्ग, शिक्षक आणि पुस्तके तितक्या वेगाने आली नाहीत. म्हणूनच आजही अनेक ठिकाणी झाडाखाली फळा टेकवून वर्ग भरतो. प्राथमिक शाळांपैकी फार मोठ्या संख्येने शाळा चर्चच्या मालकीच्या आहेत. मात्र शिक्षकांचे पगार आणि अभ्यासक्रम सरकारचा.

आठवीनंतर गळती मोठी. माध्यमिक शाळा मोजक्या, त्यातल्या बऱ्याच निवासी आणि खर्चिक. मुलींच्या बाबतीत घरकाम, लांबचे अंतर आणि लवकर लग्न यांची भर पडते. २०१५ च्या कायद्याने आणि २०१७ च्या घटनादुरुस्तीने विवाहाचे किमान वय १८ वर्षे करण्यात आले. पण कायदा गावात पोहोचायला वेळ लागतो. एक्वेन्डेनीसारख्या ठिकाणची मुलींची माध्यमिक शाळा किंवा एम्बांग्वेनी येथील कर्णबधिर मुलांची शाळा यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. ज्यांच्यासाठी दुसरा पर्यायच नाही, अशा मुलांना त्या सामावून घेतात.

अशा शाळेत आलेल्या पाहुण्या शिक्षकाने दोन दिवस इंग्रजी गाणी शिकवली, तर मुलांची करमणूक होते, परंतु त्या वर्षीच्या परीक्षेत काही फरक पडत नाही. याउलट एखाद्या मंडळीने एका मुलीचे चार वर्षांचे शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च शाळेमार्फत नियमितपणे उचलला, तर ती मुलगी शिक्षण पूर्ण करू शकते. शालेय आहाराचे उदाहरणही बोलके आहे. ‘मेरीज मील्स’ या स्कॉटलंडमध्ये मूळ असलेल्या संस्थेने २००२ मध्ये मलावीतील मोजक्या मुलांना मका-सोयाची पेज देण्यास सुरुवात केली. ही पेज शिजवतात ती त्या गावातीलच स्वयंसेवक स्त्रिया. काम गावाच्या हाती असल्यामुळेच ते टिकले आणि वाढले.

मग भेटी हव्यात कशाला?

एका गटाच्या विमानभाड्यात एखाद्या परिचारिकेचा कित्येक महिन्यांचा पगार भागेल, मग हे पैसे थेट पाठवून का देऊ नयेत, असा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, वर्षानुवर्षे नियमित देणगी देणाऱ्या बहुतेक मंडळ्यांमध्ये प्रत्यक्ष जाऊन आलेली चार माणसे असतात. त्यांना रुग्णालयाचा हिशेब ठाऊक असतो, तेथील प्रमुखांची नावे माहीत असतात आणि संकटकाळी दूरध्वनी कोणाला करायचा, हे कळते. भेटीचा खरा उपयोग परतल्यानंतर सुरू होतो.

त्यासाठी काही पथ्ये आता बहुतेक चर्चसंस्था पाळू लागल्या आहेत. गटाने काय करायचे, हे यजमान संस्था ठरवते. लहान मुलांबरोबर वावरणाऱ्या प्रत्येकाची पूर्वतपासणी होते. रुग्णाची किंवा मुलाची छायाचित्रे परवानगीशिवाय काढली जात नाहीत. वैद्यकीय विद्यार्थ्याने मायदेशी जे करण्याची मुभा नाही, ते मलावीतही करायचे नाही. स्थानिक सुताराला मिळू शकणारे काम पाहुण्यांनी हातात घ्यायचे नाही. पाहुणचाराचा भार यजमानांवर पडू नये, म्हणून राहण्या-जेवणाचा खर्च चुकता करायचा. रोख रक्कम किंवा भेटवस्तू व्यक्तीच्या हाती न देता संस्थेच्या खात्यात आणि पावती घेऊन द्यायची.

आणखी एक पथ्य अवघड आहे, ते म्हणजे परतीच्या भेटीचे. नाते बरोबरीचे असेल, तर मलावीतील मंडळीही स्कॉटलंडला गेली पाहिजेत. नोव्हेंबर २००५ मध्ये स्कॉटलंड व मलावी यांच्या सरकारांत सहकार्य करार झाला आणि त्यात ही बरोबरीची भाषा आहे. प्रत्यक्षात मलावीच्या पाळकाला किंवा परिचारिकेला ब्रिटनचा व्हिसा मिळवण्यासाठी जे सोसावे लागते, ते स्कॉटलंडहून येणाऱ्या पाहुण्याला सोसावे लागत नाही. तरीही मलावीचे पाळक स्कॉटलंडच्या रिकाम्या होत चाललेल्या चर्चमध्ये उपदेश करतात, तेव्हा कोण कोणाला काय देत आहे, हा प्रश्न उलट्या दिशेनेही विचारता येतो.

दुष्काळात तेरावा महिना

अलीकडची वर्षे या संस्थांना जड गेली आहेत. जानेवारी २०२२ मध्ये ‘ॲना’ वादळाने शिरे नदीवरील कापिचिरा जलविद्युत केंद्राचे मोठे नुकसान केले. देशाच्या विजेचा सुमारे तिसरा हिस्सा या एका केंद्रातून येत होता. त्यानंतर पटकीची साथ पसरली. मार्च २०२३ मध्ये ‘फ्रेडी’ चक्रीवादळाने दक्षिण मलावीत हाहाकार माजवला. मृत आणि बेपत्ता मिळून एक हजाराहून अधिक माणसे गेली. मुलांजे हा जिल्हा सर्वाधिक फटका बसलेल्यांपैकी एक होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या क्वाचा या चलनाचे ४४ टक्के अवमूल्यन करण्यात आले आणि आयात औषधांच्या किमती कडाडल्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि त्याच वर्षी १ जुलैला तेथील मदत विभाग, ‘यूएसएड’, बंद करून उरलेले काम परराष्ट्र खात्याकडे देण्यात आले. एड्स व हिवताप नियंत्रणासाठी या निधीवर विसंबून असलेल्या देशाला हा मोठाच धक्का होता.

चर्चच्या लहान गटांची देणगी ही पोकळी भरून काढू शकत नाही, हे उघड आहे. परंतु त्या देणगीचा एक गुण मोठ्या निधीत नसतो. ती एका राजधानीतील एका सहीने थांबत नाही. एखादी मंडळी तीस वर्षे एकाच रुग्णालयाला दरवर्षी ठरलेली रक्कम पाठवते, तेव्हा त्या रकमेवर विसंबून औषधांची मागणी नोंदवता येते, गरीब रुग्णांसाठी राखीव निधी ठेवता येतो, जनित्राचे डिझेल भरता येते.

पंधरवडा संपतो. निरोपाची गाणी होतात, अभिप्रायाच्या वहीत पाहुण्यांच्या सह्या होतात आणि गाडी डोंगर उतरू लागते. त्याच रात्री काबाझावर, म्हणजे भाड्याच्या सायकलीवर मागे बसून, एखादी स्त्री कळा सोसत त्याच रुग्णालयाच्या दारात येते. तिच्या हाती आरोग्यनोंदीची छोटी वही असते, मागून सासू मक्याचे पीठ आणि भांडी घेऊन चालत येते. कारण रुग्णाचा स्वयंपाक नातेवाइकांनीच करायचा असतो. दारात तिला पैसे मागितले जातात की थेट प्रसूती कक्षात नेले जाते, तेथे दिवा आणि सुईण दोन्ही असतात की नाही, यावर तिच्या जिवाचा निवाडा होतो. परतलेल्या मंडळीने पुढच्या वर्षी, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी, या दोन प्रश्नांची चौकशी चालू ठेवली, तर तिचा तो प्रवास कारणी लागला, असे म्हणता येईल.